'संशयित : निरंक' या नोंदीची तपासणी कोण करणार?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यात आधी आरोग्यसेविका आणि पुढे आरोग्य सहायिका म्हणून ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. उपकेंद्रांकडून येणारे मासिक अहवाल तपासणे, ते एकत्र करणे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून तालुक्याला पाठवणे हा माझ्या कामाचा मोठा भाग होता. त्या अहवालांत एक शब्द फार वेळा येत असे, तो म्हणजे 'निरंक'. रकाना रिकामा सोडायचा नाही आणि लिहिण्यासारखे काही नाही, म्हणून निरंक. अलीकडे गावोगाव आणि शहरात पेठापेठांतून स्तनकर्करोग तपासणीची शिबिरे होतात. त्यांच्या बातम्यांत, तसेच माझ्या जुन्या सहकारी भगिनी दाखवतात त्या तक्त्यांत, हाच शब्द मला पुन्हा भेटतो आहे. तपासलेल्या महिला इतक्या, संशयित निरंक. आयोजकांना त्यात समाधान वाटते आणि तपासून घरी गेलेल्या बायका निश्चिंत होतात. मला मात्र त्या शब्दाची भीती वाटते. ती का वाटते हे नीट सांगायचे तर पत्र लांबणार, तरी कृपया जागा द्यावी ही विनंती.

हाताने केलेल्या स्तनतपासणीत किती जणींबद्दल शंका यायला हवी, याचा अंदाज आपल्याच देशातील कामातून मिळतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २००६ पासून ३० ते ६९ वयोगटातील १ लाख १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला आणि त्याचे पहिले निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे ५०,३६६ स्त्रियांची हाताने तपासणी झाली, त्यांपैकी २,८८० जणींना पुढील तपासण्यांसाठी पाठवण्याची गरज वाटली आणि अखेर त्यांतल्या ३० जणींना कर्करोग असल्याचे ठरले. म्हणजे दर हजारी सुमारे ५७ बायका पुढे पाठवाव्या लागल्या. या हिशेबाने ४०० बायकांच्या शिबिरातून बावीस-तेवीस जणींच्या हाती संदर्भ चिठ्ठी पडायला हवी. त्यांपैकी बहुतेकींची गाठ साधी निघेल, काहींना गाठच नसेल, हे उघड आहे. वयोगट बदलला, तपासणारीचा हात सरावला, की हे प्रमाण कमी होईल हेही मला मान्य आहे. पण ते शून्यावर येत नाही. शिबिरामागून शिबिरात शून्यच येत असेल, तर सोलापूरच्या बायका केरळच्या बायकांपेक्षा निरोगी आहेत असे न समजता, आपल्याकडे तपासणी झालीच नाही असे समजले पाहिजे. आणखी एक गोष्ट त्याच अभ्यासाने दाखवली. शिकवून तयार केलेल्या हातांनी तपासूनही, कर्करोग असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ५२ टक्केच त्या तपासणीत सापडल्या. चांगल्या तपासणीची ही मर्यादा आहे, तर घाईच्या तपासणीतून किती निसटत असतील?

नीट तपासणी म्हणजे काय, हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण ते वाचकांपैकी प्रत्येक स्त्रीला माहीत असले पाहिजे. स्त्रीला कमरेपर्यंतचे कपडे काढून आधी बसवायचे, हात खाली, मग डोक्यावर, मग कमरेवर दाबून, अशा तिन्ही स्थितींत दोन्ही स्तनांचा आकार, कातडीवरची खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, आत ओढले गेलेले बोंड हे सगळे नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. मग तिला झोपवून, ज्या बाजूची तपासणी करायची तो हात डोक्याखाली घ्यायला सांगून, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत आणि काखेच्या मध्यापासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत, पट्ट्यापट्ट्यांनी, एकही जागा न सोडता चाचपायचे, आणि प्रत्येक जागी आधी हलका, मग मध्यम, मग खोल असा तीन प्रकारचा दाब द्यायचा. शेवटी दोन्ही काखा आणि गळ्याच्या हाडावरची जागा पाहायची. दोन्ही बाजू मिळून याला पाच-सहा मिनिटे तरी लागतातच. सहा मिनिटे धरली तर एका सेविकेला नव्वद बायका तपासायला नऊ तास लागतील, तेही पाणी न पिता. आपल्याकडे सकाळी अकराला सुरू झालेले शिबिर दुपारी दोनला संपते आणि अहवालात एका सेविकेच्या नावावर नव्वदच्या नव्वद नोंदी असतात. त्या सेविकेला दोष देणे मला जमत नाही. तिला उद्दिष्ट दिलेले असते, खोलीला दार नसते, पडदा धरायला दुसरी बाई नसते, आणि त्याच दिवशी रक्तदाब, साखर, तोंडाची तपासणी, सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरची नोंद हे सगळे तिच्याच गळ्यात असते.

माझ्या घरातली गोष्ट सांगते. माझी धाकटी जाऊ ५२ वर्षांची असताना नवरात्राच्या दिवसांत शहरातल्या एका शिबिराला जाऊन आली. संध्याकाळी मला म्हणाली, "अक्का, काही नाही म्हणाल्या, कार्डावर सहीपण दिली." मी विचारले, तपासले कसे? ती म्हणाली, ब्लाउजवरूनच हात फिरवला, बाहेर रांग मोठी होती. एवढे ऐकल्यावर, जन्मभर हे काम केलेल्या मी तिला त्याच रात्री आतल्या खोलीत नेऊन नीट तपासायला हवे होते. मी तपासले नाही. कार्डावर सही होती ना! सात महिन्यांनी अंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली, तेव्हा काखेतल्या गाठीही वाढलेल्या होत्या आणि आजार तिसऱ्या टप्प्यात गेलेला होता. आज ती उपचार पुरे करून घरी आहे, स्वयंपाक करते, नातवाला शाळेत सोडते. शिबिराच्या दिवशी ती गाठ हाताला लागण्याएवढी होती की नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. काही कर्करोग फार झपाट्याने वाढतात. पण मला खरा धक्का बसला तो नंतर. त्या शिबिराच्या तक्त्यात तिची नोंद आजही 'सामान्य' अशीच आहे. तिला कर्करोग झाल्याचे ज्यांनी तिला तपासले त्यांना कोणी कळवलेले नाही, कारण कळवण्याची काही वाटच नाही. तक्ता बंद झाला, आकडा वर गेला. ज्या सेविकेच्या हातातून ती निसटली तिला ते कधीच कळणार नाही, आणि तिचा हात सुधारण्याची संधीही तिला कधीच मिळणार नाही.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अशा प्रकारे उघड होणाऱ्या कर्करोगांची मोजदाद हा तपासणी कार्यक्रमाच्या गुणवत्तेचा कणा आहे. ज्या देशांत असे कार्यक्रम नीट चालतात, तेथे 'तपासणीत काही नाही' असे सांगितलेल्या स्त्रीला पुढे कर्करोग झाला की तिची जुनी मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेची, चित्रे पुन्हा काढून पाहिली जातात. तेव्हा काही दिसत होते का, दिसत असून निसटले का, हे ठरवले जाते आणि ते वाचणाऱ्या डॉक्टरांना कळवले जाते. आपण हे करू शकत नाही असे कोणी म्हणेल, तर मी त्याला बार्शीला जायला सांगेन. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी कर्करोगाची नोंदणी चालू आहे, आणि ती देशातली पहिली ग्रामीण नोंदणी आहे. नोंदणीची माणसे गावोगाव फिरतात, लोकांना भेटतात, कोणाला गाठ आली, कोण उपचाराला कुठे गेले, कोण वारले याची विचारपूस करतात. म्हणजे निदान बार्शी तालुक्यापुरते तरी, शिबिरांत तपासलेल्या बायकांची यादी एका हातात आणि नव्याने नोंदलेल्या कर्करोगांची यादी दुसऱ्या हातात घेऊन दर वर्षी दोन्ही ताडून पाहणे शक्य आहे. ज्या नावासमोर एका यादीत 'सामान्य' आणि दुसऱ्या यादीत 'कर्करोग' आहे, ते प्रत्येक नाव थांबून पाहिले पाहिजे. याला नवे यंत्र लागत नाही. नावे गुप्त ठेवून ताडून पाहणारी दोन जबाबदार माणसे आणि तसा एक आदेश पुरेसा आहे. बार्शीत हे जमले की तीच पद्धत उरलेल्या दहा तालुक्यांत आणि सोलापूर शहरात नेता येईल.

आपल्या भागाला या विषयात कमीपणा वाटावा असे काही नाही, हे मला इथे आवर्जून नोंदवायचे आहे. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या याच रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या सहभागाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा जो अभ्यास झाला, त्यात ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ स्त्रिया होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने, म्हणजे तो कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या चाचणीने, त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांवरून साऱ्या जगाला कळले. स्तनकर्करोगाच्या बाबतीत टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर १९९८ पासून २० वर्षे काम केले. प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात सापडलेल्या कर्करोगांचे प्रमाण ३७ टक्के होते, तर तुलनेसाठी ठेवलेल्या, अशी तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के. सर्व वयांत मिळून मृत्यूंत जी १५ टक्के घट दिसली ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येण्याजोगी नव्हती, पण ५० वर्षांपुढील स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. हे काम डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या सेविकांनी केले, याचा मला एक सेविका म्हणून अभिमान आहे. मात्र त्या सेविकांना पुरेसे शिक्षण, पुरेसा वेळ आणि ठरलेल्या काळाने पुन्हा त्याच बाईपर्यंत पोहोचण्याची सोय होती. त्या अभ्यासाचा दाखला देऊन आपण आपली शिबिरे भरवतो आणि नेमक्या या तीन गोष्टी वगळतो.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी करावी असे ठरले आहे. पोर्टलवर आता देशभरातील कोट्यवधी तपासण्यांची नोंद आहे. याउलट २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना घरी जाऊन विचारले, तेव्हा आपली स्तनतपासणी कधीतरी झाली आहे असे सांगणाऱ्या एक टक्कासुद्धा नव्हत्या. दोन्हींचा काळ वेगळा, वयोगट वेगळा, त्यामुळे सरळ तुलना करणे बरोबर नाही. तरीही इतक्या मोठ्या अंतराचा एक भाग असा असणार की ज्या बाईची नोंद 'तपासली' अशी झाली तिला स्वतःला तपासणी झाल्याचे जाणवलेलेच नाही. शिबिरानंतर दहा-बारा बायकांना फोन करून "तुम्हाला कपडे काढून, झोपवून तपासले का, किती वेळ लागला" एवढे विचारले तरी अहवालाची खरी किंमत कळेल. लसीकरणात आम्ही अशी पडताळणी वर्षानुवर्षे घरोघर जाऊन करत होतो, मग इथेच का नको?

आता शंका आल्यानंतरचे सांगते, कारण सर्वांत जास्त बायका तिथे हरवतात. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवले की निदानाची आणि उपचाराची सोय तयार नसेल तर तपासणी हाती घेऊ नये, आणि रुग्ण शोधण्याचे काम सतत चालणारे असावे, एकदाचे उरकण्याचे नव्हे. आपल्याकडे चिठ्ठी दिली की काम संपते. ती चिठ्ठी घेऊन करमाळ्याच्या बाईला सोलापूर गाठायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. सोनोग्राफी एका दिवशी, मॅमोग्राफी दुसऱ्या दिवशी, बायोप्सीची, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याची, तारीख पुढच्या आठवड्यात, अहवाल त्यापुढे. कुंभारीच्या विडी घरकुलातल्या बाईला अंतर फार नाही, पण तिची मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते, त्यामुळे दवाखान्यात गेलेला प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेल्या हजार विड्या. गाठ दुखत नसते. दुखत नाही म्हणजे काही नाही, ही समजूत आपल्या बायकांत फार खोल आहे, आणि तिसऱ्या हेलपाट्याला ती समजूत जिंकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पुढचे उपचार मिळू शकतात, पण त्या मंजुरीसाठी बायोप्सीचा अहवाल हातात लागतो, आणि तो हाती येईपर्यंतचा खर्च आणि धावपळ बाईच्या पदरी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने स्तनकर्करोगासाठी ठरवलेली तीन उद्दिष्टे आपल्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर लावून ठेवावीत असे मला वाटते : निदान होणाऱ्यांपैकी किमान ६० टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, बाई दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान पुरे व्हावे, आणि ८० टक्के रुग्णांनी उपचार अर्ध्यात न सोडता पूर्ण करावेत. यांतल्या एकाही उद्दिष्टात तपासलेल्या बायकांची संख्या नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार होतो आणि सुमारे ९८ हजार जणी त्याने दगावतात. नवे रुग्ण आणि मृत्यू यांचे हे प्रमाण उशिरा निदानाचे आणि अपुऱ्या उपचारांचे आहे.

बायोप्सीबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण त्याकडे कोणाचेच लक्ष नसते. जाड सुईने घेतलेला तुकडा लगेच, तासाभराच्या आत, योग्य प्रमाणाच्या फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावात, पडला पाहिजे आणि त्यात किमान सहा तास, पण तीन दिवसांहून अधिक नाही, इतका काळ राहिला पाहिजे. तसे झाले नाही तर कर्करोग आहे की नाही हे कळेलही, पण संप्रेरकांना (हार्मोन्सना) प्रतिसाद देणारा कर्करोग आहे की नाही ही चाचणी चुकीची 'नाही' अशी येऊ शकते, आणि मग ज्या बाईला रोजच्या एका गोळीचा वर्षानुवर्षे फायदा झाला असता तिला ती गोळी मिळतच नाही. शनिवारी घेतलेला तुकडा बुधवारी प्रयोगशाळेत पोहोचतो तेव्हा हेच घडू शकते. याहून वाईट प्रकार म्हणजे बायोप्सी न करताच 'गाठ काढून टाकू' म्हणून छोटी शस्त्रक्रिया करणे आणि काढलेली गाठ तपासणीला न पाठवणे. नोकरीत असताना अशा दोन बायका मी पाहिल्या. दोघींनाही वर्षभरात त्याच जागी पुन्हा गाठ आली आणि आधीची गाठ कसली होती याचा कागद दोघींकडेही नव्हता.

फिरत्या गाडीतून मॅमोग्राफी आली की गुणवत्ता आपोआप आली, असा आपल्याकडे समज दिसतो. मॅमोग्राफीचे यंत्र हे तपासणीचा एक भाग आहे. स्तन दोन पट्ट्यांमध्ये पुरेसा दाबून, योग्य कोनात घेऊन, काखेकडचा भाग चित्रात येईल असे करणारी तंत्रज्ञ हा दुसरा भाग, आणि ते चित्र वाचणारे डॉक्टर हा तिसरा. इंग्लंडमध्ये १९८८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात प्रत्येक स्त्रीचे चित्र दोन वाचकांकडून स्वतंत्रपणे वाचले जाते आणि प्रत्येक वाचकाने वर्षाला किमान ५,००० चित्रे वाचावीत असा दंडक आहे, कारण वर्षाला दोन-चारशे चित्रे वाचून डोळा तयार होत नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदाच झाला. त्यानुसार प्रत्येक केंद्राची दरवर्षी तपासणी होते, फिरते यंत्र जागेवरून हलवले की पहिल्या बाईला घेण्यापूर्वी ते पुन्हा तपासावे लागते आणि निष्कर्ष सोप्या भाषेत थेट त्या स्त्रीला ३० दिवसांत कळवावा लागतो. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तो यंत्राच्या आणि किरणांच्या सुरक्षिततेसाठी, आणि तो आवश्यकच आहे. पण चित्र नीट काढले का, नीट वाचले का, हे त्या परवान्यातून कळत नाही. जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून दिवसाला तीन गावे करणाऱ्या गाडीतले यंत्र रोज सकाळी कोण तपासते आणि त्यातली चित्रे कोण, कुठे, किती दिवसांनी वाचते, हे शिबिराच्या फलकावर लिहिलेले असावे. छातीची उष्णता मोजणारी उपकरणे काही शिबिरांत मॅमोग्राफीसारखीच म्हणून दाखवली जातात. ती मॅमोग्राफीला पर्याय नाहीत असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वारंवार बजावलेले आहे.

चांगल्या कार्यक्रमातही चुका होतात. मे २०१८ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यमंत्र्यांनी संसदेत उभे राहून सांगितले की २००९ पासून सुमारे साडेचार लाख वयस्क स्त्रियांना शेवटच्या तपासणीचे बोलावणे गेलेच नसावे. पुढे स्वतंत्र चौकशी झाली. तपासणी नेमकी कोणत्या वयापर्यंत, या नियमाचाच अर्थ वेगवेगळ्या यंत्रणांनी वेगवेगळा लावला होता असे त्यात निघाले आणि आधी सांगितलेला आकडाही टिकला नाही. पण कोणाला बोलावले आणि कोणाला नाही याची यादी त्यांच्याकडे होती, म्हणून चूक सापडली, जाहीर झाली आणि तपासता आली. आपल्या शिबिरात आली ती बाई आपली. जी आली नाही तिचे नाव कुठेच नाही. दाजी पेठेत कितव्या घरातली बाई राहिली, मंगळवेढ्यातली ऊसतोडीला गेलेली बाई राहिली का, हे आशाताईच्या वहीत असते. त्या वहीवरून बोलावण्याची यादी तयार झाली पाहिजे.

आणि बायकांना खरे सांगितले पाहिजे. इंग्लंडच्या तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये मांडलेला अंदाज असा होता की वयाच्या ५० पासून २० वर्षे १०,००० स्त्रियांना मॅमोग्राफीसाठी बोलावले तर ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींच्या बाबतीत असा कर्करोग सापडतो की जो त्यांच्या हयातीत त्यांना त्रास देणारच नव्हता, तरी त्यांना उपचार घ्यावे लागतात. यानंतर तेथील स्त्रियांना दिली जाणारी माहितीपत्रके बदलली. हाताच्या तपासणीला हेच आकडे लागू होत नाहीत, पण तपासणीत 'काही नाही' म्हटले तरी पुढे काही वाटल्यास लगेच या, आणि चिठ्ठी दिली म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे, ही दोन वाक्ये प्रत्येक बाईला तिच्या भाषेत सांगितलीच पाहिजेत. तिच्या भाषेत हे मी मुद्दाम लिहिते. पूर्व भागातल्या पेठांत तेलुगू, अक्कलकोटच्या सीमेवरच्या गावांत कन्नड, आणि शहरभर उर्दू बोलणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या हाती आपण मराठी छापील कार्ड देतो आणि सही घेतो. माझ्या जावेच्या कार्डावर ही दोन वाक्ये मराठीतही नव्हती.

म्हणून जिल्हा आरोग्य यंत्रणा, महानगरपालिका आणि शिबिरे भरवणाऱ्या सर्व संस्था यांना माझी विनंती आहे की दर तीन महिन्यांनी तालुकावार आणि शहरात प्रभागवार एक तक्ता जाहीर करावा. त्यात तपासलेल्यांच्या शेजारी संशयित किती, त्यांपैकी बायोप्सीपर्यंत पोहोचल्या किती, किती दिवसांत पोहोचल्या, कर्करोग किती निघाले, कोणत्या टप्प्यात निघाले आणि उपचार पुरे किती जणींचे झाले हे असावे. एका सेविकेने दिवसाला तीसपेक्षा जास्त बायका तपासू नयेत, असा लेखी नियम व्हावा. ज्या ठिकाणी दार बंद होणारी खोली नाही तिथे स्तनतपासणी करूच नये, त्या दिवशी बाकीच्या तपासण्या कराव्यात. चिठ्ठी मिळालेल्या प्रत्येक बाईबरोबर आशाताईला प्रवासखर्च आणि दिवसाचा मोबदला देऊन पाठवावे, आणि सोनोग्राफी, मॅमोग्राफी व बायोप्सी तिन्ही एकाच दिवशी, आठवड्यातल्या ठरलेल्या वारी व्हाव्यात. पत्रकार बंधू-भगिनींनाही विनंती आहे की शिबिराची बातमी देताना संशयितांचा आकडा विचारावा आणि तीन महिन्यांनी त्याच आयोजकांना फोन करून त्या बायकांचे पुढे काय झाले ते विचारावे.

शिकवण्यासाठी सिलिकॉनचे नमुने मिळतात, ज्यांत वेगवेगळ्या आकाराच्या आणि खोलीच्या गाठी बसवलेल्या असतात. त्यांवर सराव करून मग प्रत्यक्ष तपासणीत कोणीतरी शेजारी उभे राहून हात पाहिला, चुकला तिथे धरून दाखवला, म्हणजे काही आठवड्यांत हात तयार होतो. दर वर्षी तो पुन्हा तपासावा लागतो. माझ्या वयाच्या, निवृत्त झालेल्या आरोग्य सहायिका या जिल्ह्यात बऱ्याच आहेत. आम्हाला बोलावले तर आठवड्यातून दोन दिवस, कोणताही मोबदला न घेता, कोणत्याही तालुक्याच्या प्रशिक्षणाला यायला मी तयार आहे, आणि माझ्या ओळखीच्या आणखी चौघींनी तसे मला कबूल केले आहे. आम्हाला फक्त दार बंद होणारी खोली आणि शिकायला येणाऱ्या मुलींचा पूर्ण दिवस हवा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
सोलापूर